नवी बॅटरीही उतरते, तेव्हा परतीचा रस्ता तपासा

मॉडिफाय केलेली जुनी गाडी चार्जिंग मारत नसेल, तर दोष बहुतेक वेळा गाडीचा नसतो, तिला नटवणाऱ्याचा असतो. हे वाक्य गॅरेजमध्ये म्हटलं तर चहा थंड होईपर्यंत वाद चालेल, म्हणून इथे लिहितोय.

नाशिकला गंगापूर रोडवर किंवा सातपूर-अंबडच्या बाजूला अशा गाड्या हमखास दिसतात. नव्वदच्या दशकातली बुलेट, मागचं मडगार्ड कापलेलं, सीट एकट्यापुरती, हँडल रुंद, आणि चासी पार उघडी करून काळ्याभोर पावडर कोटिंगमध्ये न्हाऊन आलेली. दिसते झकास. मालकाची तक्रारही ठरलेली असते: बॅटरी उतरते. आधी हॉर्न घोगरा होतो, मग इंडिकेटर लुकलुकायचा थांबून नुसता मंद जळत राहतो, आणि एखाद्या संध्याकाळी कसाऱ्याच्या घाटात हेडलाइट पिवळा पडून इंजिनच बंद. पॉइंटवाल्या बुलेटमध्ये ठिणगीला लागणारा करंट बॅटरीतूनच येतो, म्हणून ती अशी दगा देते. यामाहा आरएक्स 100 वाल्याला हे कळायचं नाही. त्याची ठिणगी मॅग्नेटच्या वेगळ्या कॉइलवर चालते, बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी पळते.

यावर दुकानदाराचं उत्तर तयार असतं: “सेल गेलाय, नवी टाका.” नवी टाकतात. ती काही आठवडे छान चालते, कारण ती दुकानातून भरून आलेली असते. मग तीही उतरते.

बॅटरी वीज बनवत नाही, साठवते. बनवण्याचं काम इंजिन करतं. हलत्या चुंबकाजवळच्या तारेत वीज उपजते, हे मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवलं. बुलेटच्या डाव्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये आजही तेच घडतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला चुंबकांचा रोटर फिरतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या वेढ्यांचा स्टेटर स्थिर असतो. मिस्त्री लोक त्याला कॉइल प्लेट म्हणतात. रोटरला सहा ध्रुव असले तर एका फेऱ्यात विजेची तीन आवर्तनं होतात. म्हणजे गाडी मिनिटाला 1000 फेऱ्यांवर फटफटत उभी असेल, तर स्टेटरमधून सेकंदाला 50 आवर्तनांची एसी (उलटसुलट दिशेने वाहणारी वीज) निघते, नेमकी घरच्या सॉकेटमध्ये असते तेवढीच. ॲक्सिलरेटर पिळला की आवर्तनंही वाढतात आणि व्होल्टही.

ही एसी बॅटरीला चालत नाही. रेक्टिफायरमधले डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. आता ती डीसी झाली, पण व्होल्टचा लगाम अजून राहिलाच. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण 2.1 व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी दोन-चार तास स्वस्थ ठेवून मोजली तर 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 च्या आसपास आली की निम्मी रिकामी समजायची. तिच्यात करंट ढकलायचा तर बाहेरून तिच्यापेक्षा जास्त व्होल्ट लागतात: 13.8 ते 14.4. याहून कमी दिले तर ती कधीच पूर्ण भरत नाही. 15 च्या वर गेले तर आतलं पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातं. म्हणजे बॅटरी सुखी राहते ती जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या पट्ट्यात. पुढची सगळी गोष्ट या पट्ट्याची आहे.

तो पट्टा सांभाळतो रेग्युलेटर. बहुतेक मोटारसायकलींत तो आणि रेक्टिफायर एकाच ॲल्युमिनियमच्या डबीत असतात, तिला आरआर युनिट म्हणतात. त्याची युक्ती अजब आहे. कारच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व विजेवर चालतं, त्यामुळे ते कमी-जास्त करता येतं. इथलं चुंबक कायमचं. ते ‘बंद’ करण्याची सोयच नाही. मग जास्तीची वीज थोपवायची कशी? प्रचलित शंट पद्धतीचा रेग्युलेटर व्होल्ट वाढले की स्टेटरच्या तारा सरळ एकमेकींना जोडून टाकतो, म्हणजे शॉर्ट करतो. तारा जळून जात नाहीत, कारण वेढ्यांचा स्वतःचा विरोध त्या करंटला एका मर्यादेत ठेवतो. पण उष्णता होतेच, स्टेटरमध्येही आणि रेग्युलेटरमध्येही. त्या डबीला पंख्यासारख्या पात्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. कंपनीने ती वाऱ्यात, उघड्या लोखंडावर घट्ट बसवलेली असते.

आणि नटवणारा पहिलं काय करतो? ही कुरूप डबी लपवतो. सीटखाली, बॅटरीच्या पेटीत, रेक्झिनमध्ये गुंडाळून. नाशिकच्या मे महिन्यात, चाळिशीच्या उन्हात, सीटखालच्या बंद पेटीत तिने जगायचं कसं? बरं, ‘मी सगळे दिवे एलईडी केलेत, लोड कमी झालाय’ हा युक्तिवादही शंट रेग्युलेटरपुढे टिकत नाही. दिव्यांनी न वापरलेली वीज त्यालाच जिरवावी लागते, त्यामुळे लोड कमी केला की त्याचं ओझं उलट वाढतं.

तरी जळालेला रेग्युलेटर हा सोपा रोग. तो बदलला की काम झालं. खरा छळवाद असतो तो सगळे भाग चांगले असताना चार्जिंग न मिळण्याचा.

एका मित्राच्या बुलेटवर हे अगदी स्वच्छ पाहायला मिळालं. बॅटरी नवी, आरआर युनिट नवं, कॉइल प्लेट तपासलेली. गाडी रेस करून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरला तर 13.1 व्होल्ट. कमी. मग मीटर आरआर युनिटवरच धरला, लाल टोक त्याच्या आउटपुटच्या तारेला आणि काळं त्याच्या अंगाला: 14.2. म्हणजे युनिट आपलं काम चोख करत होतं. मग 1.1 व्होल्ट वाटेत कोणी खाल्ले?  वाटेचा एकेक तुकडा वेगळा मोजावा लागतो. युनिटच्या आउटपुटपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत 0.2 व्होल्ट. ठीक. बॅटरीच्या मायनसपासून युनिटच्या अंगापर्यंत 0.9 व्होल्ट. सापडला चोर!

हा 0.9 समजून घेण्यासारखा आहे. करंट प्लसच्या तारेने बॅटरीकडे जातो, पण त्याला परतही यायचं असतं, आणि जुन्या गाडीत परतीची तार म्हणजे चासीच. युनिटचं अंग बोल्टने चासीला टेकतं, बॅटरीची मायनसची केबल दुसरीकडे चासीला टेकते. या दोन जागांच्या मध्ये लोखंड आहे, म्हणजे रस्ता मोकळा, असं आपण धरून चालतो. पण पावडर कोटिंग हे प्लास्टिकच. भट्टीत वितळवून बसवलेला तो थर केसाच्या जाडीइतकाच असतो, पण तो विजेला जाऊ देत नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम कुठेतरी धातूला धातू लागतो आणि तेवढ्यावर गाडी चालते. त्या बारीक स्पर्शाचा विरोध 0.1 ओहम जरी असला, तरी 9 अँपिअरला 0.9 व्होल्ट तिथेच खर्च होतात. ओहमचा नियम शाळेत पाठ करून सगळे पास झालेले असतात. तो बोल्टखाली बसलेला असतो हे कोणी सांगत नाही.

मीटर ओहमवर ठेवून हा दोष का सापडत नाही, हेही यातच आलं. साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच विरोध 0.2-0.3 ओहम असतो. त्यात हा 0.1 हरवून जातो, मीटर ‘टीं’ वाजवतो आणि आपण अर्थिंग, म्हणजे परतीचा रस्ता, ओके म्हणून पुढे जातो. गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून, तुकड्या-तुकड्यावरचे व्होल्ट मोजले तरच तो बोलतो. चांगल्या जोडावर 0.2 च्या वर पडता कामा नये.

या गोष्टीची दुसरी बाजू मला त्याहून गमतीची वाटते. वरच्या गाडीत रेग्युलेटरला आपल्या दोन टोकांत 14.2 दिसत होते, म्हणून तो समाधानी होता; बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळणारच कसं? पण काही युनिट्सना बॅटरीचे व्होल्ट ‘चाखायला’ वेगळी बारीक तार असते आणि ती इग्निशन स्विचमधून येते. त्या जुन्या, गंजलेल्या स्विचमध्ये व्होल्ट पडले, तर रेग्युलेटरला बॅटरी आहे त्याहून रिकामी वाटते आणि तो तिला मरेस्तोवर पाजत राहतो. बॅटरीवर 15.2, बल्ब वारंवार उडताहेत, बॅटरीचं पाणी आटतंय, आणि सगळे म्हणतात रेग्युलेटर गेला. अर्थिंग खराब असेल तर बॅटरी उपाशी, चाखायची तार खराब असेल तर अजीर्ण. रोग एकच, फक्त जागा वेगळी.

उपाय अगदी गावठी आहे. चासीच्या भरवशावर राहायचं नाही. आरआर युनिटच्या अंगापासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत जाड काळी तार ओढायची, दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टमध्ये बसणारी धातूची कडी) दाबून. इंजिनलाही अशीच एक वेगळी. जिथे चासीचा स्पर्श हवाच, तिथे बोल्टखालचं कोटिंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं, दातेरी वॉशर घालायचा, आवळल्यावर वरून व्हॅसलिन फासायचं. मित्राच्या बुलेटवर एवढंच केलं. बॅटरीवर 14 च्या किंचित वर व्होल्ट आले. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, मग नव्या युनिटचे पैसे फुकटच गेले की.” गेलेच होते.

तार जाड म्हणजे किती? एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा विरोध मीटरमागे सुमारे 0.017 ओहम असतो. कस्टम गाडीत वायरिंग चासीच्या नळीतून लपवून नेताना सोयीसाठी अर्धा चौरस मिलिमीटरची तार घेतली, आणि ती दोन मीटर फिरली, तर 0.07 ओहम झाले. 8 अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला. चार्जिंगच्या मुख्य तारेला 2.5 चौरस मिलिमीटर घ्या, विषय संपला. आणि कृपा करून तारा पिळून वर काळी टेप लावू नका. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला एकदा भिजलं की तो जोड आतून हिरवा पडतो. बॅटरीजवळच्या तारेवर जो निळसर भुगा साचतो त्यात तर चक्क मोरचूदच असतं. बॅटरीचं ॲसिड आणि तारेचं तांबं यांपासून ते तयार होतं. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको, बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात तेच पडतं.

कॉइल प्लेट खरंच गेली आहे का, हे ओळखणं अवघड नाही. तिचा कपलर (तारांचा प्लास्टिकचा जोड) सोडवायचा, मीटर एसीवर ठेवायचा आणि गाडी रेस करायची. व्होल्ट वेगाबरोबर चढले पाहिजेत. तीन तारा असतील तर तिन्ही जोड्यांवर सारखे आले पाहिजेत. आकडा गाडीगणिक बदलतो, सारखेपणा महत्त्वाचा. तिन्ही तारा अर्थला जोडलेल्या नसणाऱ्या प्रकारात कुठलीही तार अंगाला लागत असेल तर वायंडिंग जळालं. कपलर तपकिरी होऊन वितळला असेल, तर तोच दोषी धरायला हरकत नाही: 0.1 ओहममध्ये 10 अँपिअर गेले की 10 वॅट उष्णता त्या चिमुकल्या प्लास्टिकमध्ये होते.

शेतीपंपांच्या मोटारी भरणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, त्यातले काही गाडीची कॉइलही भरून देतात, आणि चांगली देतात. फक्त ‘चार वेढे जास्त टाका, चार्जिंग वाढेल’ असं त्यांना सांगू नका. वेढे वाढवले की कमी वेगाला व्होल्ट वाढतात हे खरं. पण वेढ्यांचा तो स्वतःचा विरोध त्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे जास्त वेगाला मिळणारा कमाल करंट उलट घटतो. आहे तेवढेच वेढे, त्याच जाडीच्या तारेचे.

कधीकधी मात्र बिघाड काहीच नसतो, हिशेब चुकलेला असतो. 60 वॅटचा बल्ब एकटा 5 अँपिअर घेतो. त्यावर दोन फॉग लाइट, मोबाइल चार्जर आणि इग्निशन कॉइल. जुना स्टेटर शहरातल्या रेंगाळत्या वेगात तेवढं देऊच शकत नाही. द्वारकेच्या सिग्नलला उभं राहून राहून बॅटरी उतरली तर दोष कुठल्याच तारेचा नाही.

उभ्या गाडीतली गळतीही एकदा पाहून घ्या. अलार्म किंवा जीपीएसने 20 मिलीअँपिअर सतत घेतले, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो. 5 अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत रिकामी. अर्धवट रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की तिच्या पत्र्यांवरच्या लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग ती चार्जरलाही दाद देत नाही. लपवायला सोपी म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटची छोटी बॅटरी घालणारे आता बरेच आहेत, तिला 14.6 च्या वर अजिबात सोसत नाही, तेव्हा जुना रेग्युलेटर आधी मोजून मगच ती जोडा.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर एक छोटा गोल ॲमीटर असायचा, मध्ये शून्य असलेला, इंडिकेटरबरोबर नाचणारा. मॉडिफाय करताना तो सर्रास काढतात, आणि मला त्याचं फार दुःख नाही, कारण गाडीचा जवळपास सगळा करंट त्याच्या दोन जुनाट स्क्रूंमधून जायचा. त्याच्या जागी छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावा. त्याला करंट नगण्य लागतो, बारीक तार चालते. तो इग्निशन स्विचच्या पुढे जोडला, तर गाडी बंद असताना बॅटरी खाणार नाही. पण स्विचमध्ये पडणारे व्होल्ट वजा करूनच तो आकडा दाखवेल. म्हणून पहिल्या दिवशी बॅटरीवर धरलेल्या मीटरशी त्याचा फरक किती येतो ते पाहा आणि टाकीखाली खडूने लिहून ठेवा. पुढे कधी तो फरक वाढला, तर स्विच उघडून साफ करायची वेळ आली.