८० रुपयांत गाईच्या पोटात काय जाते?

ऑक्टोबर २०२३ अखेर राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात पुणे जिल्ह्यातले पुरंदर, बारामती, दौंड, शिरूर आणि इंदापूर होते. असा दुष्काळ पडला की मागणी ठरलेली: जनावरांसाठी चारा छावण्या सुरू करा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत छावणीतल्या मोठ्या जनावरामागे दिवसाला ८० रुपये आणि लहान जनावरामागे ४५ रुपये धरले आहेत.

सरकारचा हिशेब रुपयांत, गाईचा शुष्क पदार्थात. चाऱ्यातले पाणी वजा केले की उरतो तो शुष्क पदार्थ. ४०० किलोच्या दुभत्या गाईला तो रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे १० ते १२ किलो लागतो. हिरव्या मक्यात पाऊण हिस्सा पाणीच असते, त्यामुळे छावणीत तिच्यापुढे १५ किलो हिरवी वैरण टाकली तरी पोटात जातो चारेक किलो माल. एवढ्यावर गाय तग धरते, दूध आटते.

शिवाय टंचाईत दावणीला येते काय, तर उसाचे वाढे, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. ते स्वस्त आणि मिळायला सोपे, पण त्यात ऑक्झलेट असते. हे ऑक्झलेट कॅल्शियमला पकडून न विरघळणारा क्षार बनवते आणि तो शेणावाटे निघून जातो. एका लिटर दुधातून साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते, तेव्हा महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवरची गाय ते आपल्या हाडांतून काढून देते. म्हणून जाणते पशुपालक वाढ्यांच्या कुट्टीवर (बारीक तुकड्यांवर) चुन्याची निवळी, म्हणजे चुन्याचे वरचे स्वच्छ पाणी, शिंपडतात. खनिज मिश्रणही हवेच.

माझ्या मते पैसा एप्रिलच्या छावणीआधी ऑक्टोबरच्या मक्याच्या मुरघासावर, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेल्या चाऱ्यावर, लागायला हवा. दाणा चिकात असताना मका कापायचा, दोनेक सेंटिमीटरची कुट्टी करायची आणि मूठभर कुट्टी घट्ट दाबून पाहायची. मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर ओल बरोबर. बोटांतून पाणी गळले तर मका आणखी सुकू द्यायचा. मग पिशवीत थराथराने तुडवून हवा काढायची. हवा संपली की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू साखरेवर वाढतात, सामू (पीएच) चारच्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जिवाणू थांबतात. दीड महिन्याने पिशवी उघडल्यावर आंबूस-गोड वास आला तर मुरघास जमला. काळी बुरशी दिसली तर तेवढा भाग फेकून द्यायचा, गाईपुढे टाकायचा नाही.

कडबा किंवा गव्हाचा भुसा असेल तर १०० किलोला ४ किलो युरिया, सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा आणि तो चारा २१ दिवस हवाबंद झाकायचा. युरियापासून अमोनिया होतो, तो लिग्निनची, म्हणजे काडी कडक करणाऱ्या घटकाची, पकड सैल करतो आणि कोठीपोटातल्या (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंना नत्रही मिळते. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चारा नको, आणि युरियाच्या पाण्याची बादली गोठ्याजवळ तर अजिबात ठेवू नये. जनावर ते प्यायले तर दगावते.

राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास आणि चारा ठोकळ्यांच्या प्रकल्पांना भांडवलाच्या ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. ते उद्योजकाच्या मापाचे. चार गाईंवाल्याला कुट्टी यंत्राचे भाडे आणि पिशव्यांचे पैसे सुगीतच हातात पडले, तर त्याची निम्मी छावणी घरीच उभी राहील.