लिंगभाव आणि कामगार संघटनांतील नेतृत्वशैली

मालकाशी बोलणी करण्याची, सभासदांना निर्णयात सामील करून घेण्याची स्त्री आणि पुरुष कामगार नेत्यांची पद्धत वेगळी असते का, असल्यास कशामुळे, याचा हा अभ्यासविषय. ठोस लाभाच्या बदल्यात पाठिंबा मिळवणारे नेतृत्व आणि ध्येयाभोवती माणसे उभी करणारे परिवर्तनवादी नेतृत्व हा फरक अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स मॅग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये मांडला. दुसरी शैली स्त्रियांमध्ये जरा अधिक आढळते, असे पुढच्या संशोधनातून दिसले. हा फरक मात्र थोडाच आहे, आणि तो मुख्यतः व्यवस्थापकांच्या पाहणीतून आलेला आहे. युनियनचा नेता व्यवस्थापक नसतो. तो निवडून येतो. पगार किंवा बढती त्याच्या हातात नसते. सभासदांना पटवल्याशिवाय पुरुष नेत्याचेही चालत नाही, आणि वेळ आली की स्त्री नेत्यालाही टेबलावर हात आपटावाच लागतो.

‘स्त्रीचे नेतृत्व म्हणजे सामोपचार’ हे समीकरण इतिहासातही टिकत नाही. लंडनमधील ग्रनविक या फोटो धुऊन देणाऱ्या कंपनीतील संपाच्या (१९७६–७८) नेत्या जयाबेन देसाई मालकाशी तर लढल्याच. कामगार संघटनांचा पाठिंबा आटल्यावर त्यांनी ब्रिटिश ट्रेड्स युनियन काँग्रेस (टीयूसी) या संघटनांच्या महासंघाच्या मुख्यालयासमोर उपोषणही केले. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत उभी केलेली ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना संघर्षासोबत सहकारी संस्था आणि बँकेकडे वळली. त्याचे कारण भट्ट यांच्या स्वभावापेक्षा सभासदांच्या कामात शोधावे लागते: फेरीवाल्या आणि घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना एकच एक मालक नव्हता.

शैलीपेक्षा वाट अडवणाऱ्या गोष्टींचे वजन जास्त असते. उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, घरची जबाबदारी, आणि पुरुषबहुल धंद्यांतूनच नेते घडवण्याची सवय यांमुळे स्त्रिया शाखेपाशीच थांबतात. वर पोहोचलेलीची कोंडी निराळीच: आवाज चढवला तर भांडखोर, समजुतीने घेतले तर कच्ची. हाच चढलेला आवाज पुरुषाचा असला की लढाऊ बाणा ठरतो.

राखीव जागा, महिला समित्या, स्वतंत्र प्रशिक्षण हे नेहमीचे उपाय. ब्रिटनमधील ‘युनिसन’ या सार्वजनिक सेवांतील कामगारांच्या संघटनेने १९९३ मध्ये स्थापनेपासूनच सभासदांतील प्रमाणानुसार समित्यांवर स्त्रिया असण्याचा नियम ठेवला, तिथेही पहिली महिला सरचिटणीस २०२१ मध्ये आली. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या टीयूसीला ती २०१३ मध्ये मिळाली होती.