माइंड मॅप की कन्सेप्ट मॅप? दोन भाषांत काढायला बसलं की फरक कळतो

‘मुंबई का तुंबते’ या विषयावर नकाशा काढा म्हटलं, की परळच्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात नववीची निम्मी मुलं एक प्रकार काढतात, निम्मी दुसरा, आणि सगळी त्याला माइंड मॅपच म्हणतात. दोष मुलांचा नाही. पाठ्यपुस्तकात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न असतो. मध्ये एक चौकट, भोवती रिकाम्या चौकटी, आणि जोडणाऱ्या रेघांवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. नाव कन्सेप्ट मॅपचं, घडण माइंड मॅपच्या जवळची. एकाच भाषेत काम असेल तर ही गल्लत खपून जाते. पण सेमी इंग्रजीच्या मुलाला तोच नकाशा मराठीतही हवा असतो आणि इंग्रजीतही. तिथे ती खपत नाही.

माइंड मॅप लोकांपर्यंत नेला टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने, १९७४च्या बीबीसी मालिकेतून. मध्ये विषय, त्यातून फुटणाऱ्या फांद्या, आणि एका फांदीवर शक्यतो एकच शब्द. कन्सेप्ट मॅप त्याच सुमाराचा, पण घर वेगळं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२मध्ये तो घडवला, तो मुलांना विज्ञानातलं नेमकं काय कळलंय हे तपासण्यासाठी. त्यात बाणावर शब्द लिहावाच लागतो. चौकट, बाण आणि पुढची चौकट मिळून एक पूर्ण विधान वाचता आलं पाहिजे.

म्हणजे एकात शब्द मांडायचे असतात, दुसऱ्यात वाक्यं. शब्दाशेजारी दुसऱ्या भाषेतला शब्द सहज बसतो. वाक्याचं तसं नाही.

माइंड मॅपसाठी माझा सल्ला सरळ आहे: दोन्ही भाषा एकाच फाइलमध्ये ठेवा. फ्रीप्लेन हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी फार सोयीचं आहे. गाठीच्या (नोडच्या, म्हणजे नकाशातल्या एका घटकाच्या) मुख्य मजकुरात मराठी लिहायचं आणि त्याखाली ‘डिटेल्स’ नावाची जी जागा मिळते तिथे इंग्रजी. डिटेल्स मिटले की नकाशा निव्वळ मराठी, उघडले की दुभाषी. ‘उपाय’च्या फांदीवर ‘उदंचन केंद्र’, खाली ‘पंपिंग स्टेशन’, पुढे हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह ही मुंबईतल्या केंद्रांची नावं. एक्समाइंडमध्ये एका फाइलीत अनेक पानं करता येतात, म्हणून काही जण मराठीचं एक पान आणि इंग्रजीचं दुसरं करतात. सुरुवातीला ते नीटनेटकं दिसतं. पण मराठी पानावर नवी फांदी जोडली, तर इंग्रजी पानाला त्याचा पत्ता नसतो. महिन्याभरात दोन पानं दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात.

जोड्या लावताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘फ्लडिंग’समोर मुलं पटकन ‘पूर’ लिहितात. मिठी नदीसाठी ते बरोबर आहे. दादर-परळच्या हिंदमाता चौकात पूर येत नाही, तिथे पाणी तुंबतं. इंग्रजीत ज्यासाठी एक शब्द वापरून भागतं, त्याला मराठीत दोन फांद्या लागतात.

खरी अडचण येते कन्सेप्ट मॅपमध्ये. इंग्रजीत ‘मिठी रिव्हर’, बाणावर ‘फ्लोज इन्टू’, पुढे ‘माहीम क्रीक’: वाक्य झालं, दोन्ही नामं जशीच्या तशी. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती नामाला चिकटते. ‘मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते’ हे वाक्य चौकटींत तोडायचं कसं? चौकटीत ‘माहीमच्या खाडीला’ लिहिलं, तर त्याच चौकटीतून निघणाऱ्या पुढच्या बाणाचं वाक्य बिघडतं. ‘माहीमची खाडी’ लिहिलं, तर हे वाक्य बिघडतं. ‘मुळे’ हा शब्द बाणावर टाकून ‘प्लास्टिक – मुळे तुंबतात – नाले’ छान वाचता येतं, ‘भरती’लाही चालतं, पण ‘पाऊस’ आला की अडतं, कारण आपण पाऊसमुळे म्हणत नाही, पावसामुळे म्हणतो.

वाट मराठीतच आहे. आपली ‘जो–तो’ची रचना नामाला हात न लावता क्रियापद आधी आणते. ‘मिठी नदी – ज्या खाडीला मिळते ती – माहीमची खाडी’. ‘वनस्पती – प्रकाशात जे तयार करतात ते – अन्न’. आणि पावसासाठी ‘की’: ‘पाऊस – जोराचा झाला की तुंबतात – नाले’. बोलीत आपण असंच बोलतो, त्यामुळे मुलांना ते लगेच जमतं. इंग्रजी बाणाचा शब्दशः उल्था केला तर मात्र ‘पाऊस – कारणीभूत होतो – तुंबणे’ असली लंगडी वाक्यं हाती येतात.

म्हणून कन्सेप्ट मॅपला दोन स्वतंत्र फाइली हव्यात. चौकटी त्याच ठेवायच्या, त्यांना दोन्हीकडे तेच क्रमांक आणि तेच रंग द्यायचे, बाण मात्र त्या त्या भाषेत नव्याने लिहायचे. सीमॅपटूल्स हे फ्लोरिडातल्या एका संशोधन संस्थेचं सॉफ्टवेअर कन्सेप्ट मॅप काढण्यासाठीच आहे. तिथे दोन चौकटी जोडल्या की बाणावर चार प्रश्नचिन्हं येतात आणि ती पुसून शब्द लिहावा लागतो. ती प्रश्नचिन्हं मला फार आवडतात.

दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट: मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतातच हवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधून चिकटवलेलं मराठी नकाशात रोमन अक्षरांची रास बनतं, आणि शोध घेतला तर सापडत नाही. ‘मुक्त’ हा मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मोफत फॉन्ट देवनागरी आणि रोमन दोन्हींना पुरतो. पीडीएफ काढल्यावर ‘मिठी’तली पहिली वेलांटी आणि ‘प्ला’चं जोडाक्षर शाबूत आहे ना, तेवढं पाहा.

सीमॅपटूल्समधून सगळी विधानं साध्या मजकुरात काढता येतात. दोन्ही भाषांच्या याद्या छापून मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते. गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या मराठी यादीत ‘भरती – आली की अडतात – नाल्यांची तोंडं’ हे विधान होतं, इंग्रजी यादीत नव्हतं. ‘हाय टाइड’ हा शब्द तिला येत होता, तिच्या माइंड मॅपमध्ये तो मराठी शब्दाखाली नीट लिहिलेलाही होता. भरतीचं पाणी नाल्याचं काय करतं, हे इंग्रजीत सांगता येत नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून त्या एका बाणाचे शब्द शोधले.