अलास्कात मासेमारीचा परवाना: पात्रता, कागदपत्रं आणि मध्ये येणारा सी लायन

अलास्काच्या फेडरल (म्हणजे केंद्र सरकारच्या) समुद्रात पोलॉक, कॉड यांसारखी तळाजवळची मासळी धरायची तर जो मूळ परवाना लागतो, त्याला फी नाही. नाव ‘फेडरल फिशरीज परमिट’, मुदत तीन वर्षांच्या चक्राची, आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. देणारं कार्यालय जूनो शहरात, अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र-हवामान खात्याच्या मत्स्य विभागाचं. वाचून वाटेल की काम सोपं आहे. पण याच अर्जात तीन माशांची नावं येतात: पोलॉक, पॅसिफिक कॉड आणि अट्का मॅकरेल. (शेवटच्याचा आपल्या बांगड्याशी काही संबंध नाही.) हे तिन्ही मासे स्टेलर सी लायन हा सीलसारखा समुद्री प्राणी खातो. त्यातलं एकही नाव परवान्यावर आलं की बोटीचं सगळं वेळापत्रक या प्राण्याच्या हिशेबाने चालतं.

आधी हद्द समजून घ्या. आपल्याकडे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत महाराष्ट्र सरकारचा 1981 चा कायदा चालतो. अलास्कात राज्याची हद्द 3 मैलांवरच संपते आणि तिथून 200 मैलांपर्यंत फेडरल अंमल. पुढची माहिती त्या बाहेरच्या पट्ट्याबद्दल आहे. आतल्या पट्ट्यातल्या सामन (सॅल्मन) वगैरे माशांसाठी राज्याचे परवाने निराळे. 1973 च्या कायद्याने त्यांचीही संख्या मर्यादित आहे.

कोण अर्ज करू शकतं

बोटीचा मालक अमेरिकी नागरिक हवा. ग्रीन कार्ड चालत नाही. मालक कंपनी असेल तर 75 टक्के मालकी आणि ताबा अमेरिकी नागरिकांचा असावा लागतो. 1998 च्या अमेरिकन फिशरीज अ‍ॅक्टने ही अट कडक केली. परदेशी पैसा कागदोपत्री लपवून येतो का, हे तपासलं जातं आणि 100 फुटांवरच्या बोटींची ती तपासणी वेगळं खातं करतं.

बोट 5 नेट टनांची किंवा त्याहून मोठी असेल तर तटरक्षक दलाचं नोंदणीपत्र लागतं आणि त्यावर मासेमारीचा शेरा हवा. अर्जात बोटीचं नाव, हा नोंदणी क्रमांक, राज्याच्या मत्स्य खात्याचा क्रमांक, लांबी, टनेज, इंजिनाची अश्वशक्ती, मालकाचा पत्ता आणि सही एवढं भरायचं. मग खुणा करायच्या: कुठला समुद्र (अलास्काचं आखात, की बेरिंग समुद्र आणि अल्यूशियन बेटं), बोट नुसती मासे धरणार की बोटीवरच प्रक्रिया करणार, आणि साधन कोणतं: ट्रॉल (बोटीमागे ओढायचं जाळं), पिंजरे, गळाची लांब दोर की हातदोर. परवान्याची प्रत बोटीवर ठेवावी लागते.

एवढ्यावर मासेमारी सुरू होत नाही. खरी अडचण आहे ‘एलएलपी’ म्हणजे मर्यादित परवान्याची. 2000 पासून ही पद्धत सुरू आहे, आणि नव्याने येणाऱ्याला सरकार हा परवाना देत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून विकत घ्यायचा, तो हस्तांतरित करून घ्यायचा, आणि ते हस्तांतर वर्षातून एकदाच होतं. परवान्यावर बोटीची कमाल लांबी छापलेली असते. आपली बोट त्याहून लांब असेल तर परवाना कुचकामी. दलाल असतात, भाव बाजार ठरवतो. लहान बोटींना सूट आहे: आखातात 26 फुटांपर्यंत, बेरिंगमध्ये 32 फुटांपर्यंत. हॅलिबट या चपट्या माशाच्या कोट्यातला हिस्सा घ्यायचा असेल तर आणखी एक प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी अमेरिकी व्यावसायिक बोटीवर जाळं-दोर ओढण्याच्या कामाचा 150 दिवसांचा अनुभव दाखवावा लागतो. मला ही अट रास्त वाटते. किनाऱ्यावर बसून नुसता हिस्सा धरणाऱ्यांना ती थोडी तरी आवरते.

ती तीन नावं

स्टेलर सी लायनचा नर टनभर वजनाचा होतो. अलास्काच्या पश्चिम भागात 1970 च्या दशकाअखेर दोन लाखांहून अधिक असलेले हे प्राणी 2000 पर्यंत पन्नास हजारांच्या खाली आले. कारण एकच सांगता येत नाही. मच्छीमारांच्या गोळ्या, जाळ्यात अडकणं, समुद्राच्या तापमानात 1976-77 च्या सुमारास झालेला पालट, त्यानंतर खाण्यातला बदल, किलर व्हेल, आणि ट्रॉलरनी उपसलेली मासळी, सगळ्यांवर बोट ठेवलं गेलं. 1990 मध्ये प्राणी संरक्षित यादीत गेला. 1997 मध्ये 144 अंश पश्चिम रेखांशावर गटांची वाटणी झाली आणि पश्चिमेकडचा गट ‘धोक्यात’ ठरला. पूर्वेकडचा गट सावरला. 2013 मध्ये त्याचं नाव यादीतून निघालं.

म्हणून मूळ परवान्यावर या तीन माशांपैकी एकाचा शेरा ट्रॉल, पिंजरे किंवा गळाच्या दोरीसह घेतला की बोटीवर व्हीएमएस म्हणजे उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवावं लागतं. इथे पुष्कळ जण फसतात. शेरा कॉडचा आहे, कॉडचा हंगाम सुरू आहे, आणि तुम्ही त्या दिवशी हॅलिबटसाठी निघालात, तरीही यंत्र चालूच हवं. हातदोरीवाल्यांना यातून सूट आहे. सिग्नल पोचतोय ही पोच खात्याकडून मिळाल्याशिवाय बोट कामाला लावता येत नाही. ज्यांना कॉड धरायचाच नाही त्यांनी ‘असू दे, कधी लागलं तर’ म्हणून शेरा घेऊ नये.

यंत्र कशासाठी, ते नियमांच्या पुस्तकातले तक्ते पाहिले की कळतं. भाग 679 मधला तक्ता 4 पोलॉकचा, 5 कॉडचा, 6 अट्का मॅकरेलचा. प्रत्येकात सी लायन विणीला किंवा विश्रांतीला येतात त्या खडकांची, बेटांची नावं, अक्षांश-रेखांश, आणि पुढे किती सागरी मैलांत मासेमारी बंद ते आकडे: कुठे 3, कुठे 10, कुठे 20. कॉडच्या तक्त्यात ट्रॉल, दोर आणि पिंजरे यांचे रकाने वेगळे, त्यामुळे एकाच खडकाजवळ पिंजरेवाल्याला मुभा आणि ट्रॉलरला बंदी असं घडतं. तक्ता 12 त्याहून कडक: त्यातल्या विणीच्या जागांच्या 3 मैलांत बोट न्यायचीच नाही. हा तक्ता तांडेलाच्या केबिनमध्ये चिकटवलेला असावा, फाइलमध्ये नव्हे.

समुद्र तापतो तेव्हा

याच नियमांत एक ओळ अशी आहे, जिची वर्षानुवर्षं कुणाला फारशी गरज पडली नव्हती. या तीनपैकी एखाद्या माशाचा अंडी घालणारा साठा, मासेमारी झालीच नसती तर जेवढा असता त्याच्या 20 टक्क्यांखाली गेला, की त्या माशाची फेडरल मासेमारी बंद. ओळ लिहिली सी लायनचं ताट रिकामं होऊ नये म्हणून.

2014 ते 2016 या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा प्रचंड पट्टा साचून राहिला. लोक त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात. गरम पाण्यात कॉडला जास्त अन्न लागतं, आणि नेमकं तेच आटलं. अंडीही धड जगली नाहीत. 2018 साठी आखातातल्या कॉडचा कोटा सुमारे 80 टक्क्यांनी कापला गेला आणि 2020 मध्ये ती 20 टक्क्यांची रेघ ओलांडल्यामुळे फेडरल कॉड मासेमारी वर्षभर बंद राहिली. परवाना वैध, यंत्र चालू, कर्जाचे हप्तेही चालू, आणि बोट धक्क्याला. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलैची बंदी निदान तारखेनिशी ठाऊक असते. तिथे डिसेंबरात कळतं की जानेवारीत समुद्र बंद आहे. एलएलपी विकत घेणाऱ्याने हा धोका किमतीत धरलाच पाहिजे.

अपघाताने प्राणी अडकला तर

अमेरिकेत दरवर्षी सगळ्या मासेमारीची यादी निघते आणि सागरी सस्तन प्राण्यांना होणाऱ्या इजेप्रमाणे तीन वर्ग पाडले जातात. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या बोटीकडे त्यासाठीचं अधिकारपत्र हवं. इजा किंवा मृत्यू झाला तर फेरी संपल्यापासून 48 तासांत कळवायचं, मग वर्ग कुठलाही असो. हा अहवाल टाळणं महागात पडतं, देणं नाही. जाळं वाचवायला गोळी झाडणं मात्र गुन्हा आहे.

नागरिकत्व नसलेल्यांसाठी

सिअ‍ॅटलमध्ये आपली माणसं बरीच आहेत आणि अलास्काला जाणाऱ्या कितीतरी बोटींचा तळही तिथेच, त्यामुळे हा प्रश्न येतो. मालकी जमत नाही. खलाशी म्हणून राज्याचा क्रू परवाना लागतो आणि कामाचा कायदेशीर हक्क हवा. एच-1बीवर दुसऱ्या कंपनीत असलेल्याने सुट्टीत पगारी खलाशीगिरी करायची म्हटली तर व्हिसा धोक्यात येईल. जीवशास्त्रवाल्यांसाठी बोटीवरच्या निरीक्षकाचं काम आहे: निसर्गविज्ञानातली पदवी, जीवशास्त्राचे किमान 30 सेमेस्टर तास, गणित-संख्याशास्त्राचा अभ्यास, आणि पुन्हा कामाचा हक्क. सी लायनवर संशोधन करायचं तर वेगळा वैज्ञानिक परवाना लागतो. त्याच्या अर्जावर 30 दिवस लोकांची मतं मागवली जातात. विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करण्यापेक्षा मार्गदर्शकाच्या परवान्यात सहसंशोधक म्हणून नाव घालून घेणं सोयीचं.

कोकणातल्या निर्यातदाराशीही यातला एक धागा जुळतो. कासवं सुटण्याची सोय असलेली जाळी नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने 2019 मध्ये आपली समुद्रातली कोळंबी थांबवली. 2016 च्या दुसऱ्या नियमानुसार 1 जानेवारी 2026 पासून मासळी पाठवणाऱ्या देशांना सस्तन प्राण्यांच्या बाबतीतही अमेरिकेइतकीच काळजी दाखवावी लागते. म्हणजे आपल्या जाळ्यात सापडलेल्या डॉल्फिनची नोंद हा आता निर्यातीचा कागद झाला आहे.

नियम बदलावा असं वाटत असेल तर दार उघडं आहे. कोटा आणि बंदीच्या शिफारशी नॉर्थ पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल करते. मतदान करणारे सदस्य 11, बैठका वर्षातून पाच. लेखी मत कुणीही पाठवू शकतं, त्याला परवाना लागत नाही की नागरिकत्व. विषयपत्रिका आधी जाहीर होते. मुदतीत पाठवलेलं पत्र नावासकट सगळ्यांना वाचायला खुलं राहतं, तेव्हा फोन नंबर, घरचा पत्ता त्यात लिहू नका.