अल्झायमर आणि मेंदूतील आधारपेशींच्या पुटिका

अल्झायमरमध्ये चेतापेशी मरतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण विकार मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात कसा सरकतो, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या शेजारच्या आधारपेशींकडे, म्हणजे ग्लियाकडे, आणि या पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पुटिकांकडे पाहावे लागते.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि जवळपास तितक्याच इतर पेशी आहेत. त्यांतल्या बहुतेक आधारपेशी. १८५६ साली जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी त्यांना जोडकामाचा भराव मानले आणि ते मत फार काळ टिकले. खरे तर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली सांगितलेल्या पहिल्याच रुग्णाच्या वर्णनात आधारपेशींतील चरबीच्या कणांचा उल्लेख होता. तिकडे पुढे कित्येक दशके दुर्लक्ष झाले, ही या संशोधनाची मोठी हानी आहे.

आधारपेशींचे मुख्य प्रकार तीन. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर मायलिनचे आवरण चढवतात. अ‍ॅस्ट्रोसाइट चेतापेशींचे पोषण सांभाळतात, आणि चरबी वाहून नेणारे एपीओई हे प्रथिन मेंदूत प्रामुख्याने तेच तयार करतात. या प्रथिनाच्या जनुकाचा ई-४ प्रकार उतारवयातील अल्झायमरचा सर्वांत प्रबळ ज्ञात आनुवंशिक धोका आहे. तिसऱ्या म्हणजे मायक्रोग्लिया, मेंदूच्या रक्षक आणि सफाई पेशी. त्या अमायलॉइड बीटाच्या, म्हणजे अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या बाहेर साचणाऱ्या प्रथिनाच्या, साठ्यांभोवती जमतात, कडे करतात, साठा गिळतात. त्यांच्या पृष्ठभागावरील ट्रेम-२ या ग्राहक-प्रथिनात (रिसेप्टरमध्ये) दोष असेल तर आजाराचा धोका दुप्पट ते चौपट होतो, हे २०१३ मध्ये समोर आले.

पुटिका म्हणजे मेदाच्या दुपदरी पटलाची बंद पिशवी. एक्सोसोम पेशीच्या आत घडतात आणि मग बाहेर सोडले जातात. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. मायक्रोव्हेसिकल पेशीच्या पृष्ठभागावरूनच फुगून सुटतात आणि आकाराने मोठ्या असतात. दोन्हींत प्रथिने, आरएनए आणि मेद असतात. १९८० च्या दशकात अपक्व तांबड्या पेशींत एक्सोसोम आढळले, तेव्हा ती नको असलेल्या प्रथिनांची विल्हेवाट वाटली. आज त्यांना पेशींमधील निरोपाचे साधन मानतात.

अल्झायमरमध्ये नेमके हेच साधन उलटते. २०१५ मध्ये बॉस्टन विद्यापीठातील त्सुनेया इकेझू यांच्या गटाने टाऊ प्रथिनाचा, म्हणजे अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या आत गुंता करणाऱ्या प्रथिनाचा, प्रसार उंदरांत तपासला. मायक्रोग्लिया काढून टाकल्या, किंवा एक्सोसोम बनण्याची प्रक्रिया औषधाने रोखली, की टाऊचा प्रसार मंदावला. मायक्रोग्लिया टाऊ गिळतात, पण तो पूर्ण पचत नाही आणि काही अंश पुटिकांतून पुन्हा बाहेर पडतो. ओल्या कचऱ्याची गाडी गल्लोगल्ली गळत जावी, तसे हे होते. इटलीतील एका प्रयोगात मायक्रोग्लियाच्या पुटिकांनी अमायलॉइडच्या गुठळ्या सुट्या केल्या, पण सुटलेले रूप चेतापेशींना अधिक घातक ठरले. याउलट ऑलिगोडेंड्रोसाइटचे एक्सोसोम चेतापेशींना तग धरायला मदत करतात. म्हणून सरसकट सगळ्या पुटिका अडवणे हा उपाय होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

गिळलेला माल पेशीच्या आत पचनस्थानापर्यंत पोहोचतो कसा, या मूलभूत प्रश्नावर मुंबईत मोलाचे काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने गिळलेला माल भरलेल्या, पेशीच्या आतल्या पुटिका ओढणाऱ्या डायनीन या प्रथिन-मोटारींचे बळ मोजले. अनेक डायनीन एकत्र येऊन जोर लावतात, आणि पटलावरील कोलेस्टेरॉलच्या पट्ट्यांत त्या गोळा होतात, असे त्यांना दिसले. हे संशोधन अल्झायमरवरचे नव्हे, पण सफाई कुठे अडते हे समजायला त्याचा उपयोग आहे.

रक्तातील पुटिकांवरून मेंदूची अवस्था ओळखता येईल, अशी आशा बाळगली जाते. अडचण अशी की रक्तातली पुटिका खरोखर मेंदूतूनच आली का, हे ठरवणे कठीण आहे. त्यासाठी वापरली जाणारी एल१कॅम ही खूण पुटिकांवर नसून सुटी तरंगते, असे २०२१ मध्ये दिसले. परळच्या केईएमच्या किंवा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आजोबांना घेऊन गेले, तर डॉक्टर आजही तारीख-वार विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, घड्याळ काढायला लावतात. शिवाय बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी होते, कारण या दोन्हींमुळेही विस्मरण होऊ शकते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. 'वय झालं' म्हणून घरीच बसवून ठेवल्याने ही संधी जाते.

२०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचे औषध अमायलॉइडला चिकटते आणि ते साफ करण्यात मायक्रोग्लियांचा मोठा वाटा असतो. ऱ्हास थोडा मंदावतो, थांबत नाही. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे. 'एक्सोसोम थेरपी' या नावाने विकल्या जाणाऱ्या उपचारांचा या सर्वांशी संबंध नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्येच त्यांच्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता, आणि अल्झायमरवर त्यांचा गुण सिद्ध झालेला नाही.