पंगतीत कुणाचंच बोलणं ऐकू का येत नाही?

गेल्या महिन्यात ठाण्याला घोडबंदर रोडजवळच्या एका हॉलमध्ये मुंजीला गेलो होतो. जेवायला दोनशेच्या आसपास माणसं. शेजारी माझी ब्याऐंशी वर्षांची मावशी, कानात यंत्र. वाढपी "मठ्ठा?" म्हणून दोनदा विचारून गेला, ती नुसती हसून मान हलवत राहिली. थोड्या वेळाने तिने यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि गप्प जेवली. परतताना गाडीत सगळे म्हणाले, "वय झालं तिचं." मला हे पटलं नाही. तिथे मलाही समोरच्याचं बोलणं कळत नव्हतं. दोष कानापेक्षा खोलीचा होता.

हा दोष मोजायला शिकवला वॉलेस सबाइन यांनी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तरुण प्राध्यापक सबाइन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथे आणून ठेवत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. गाद्या वाढल्या की वेळ घटायचा. शोषण मोजायला त्यांनी एकक घेतलं उघड्या खिडकीचं, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. उत्तर येतं ते निनादाचा काळ, म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा लाखांश व्हायला लागणारा वेळ.

आता २० मीटर लांब, १५ मीटर रुंद, ४ मीटर उंच हॉल घेऊ. घनफळ १२०० घनमीटर. फरशी, भिंती, छत मिळून ८८० चौरस मीटर. चकचकीत फरशी, काच, रंगवलेलं पीओपी हे सगळं बोलण्याच्या आवाजापैकी जेमतेम ३ टक्के शोषतं असं धरलं, तर शोषण २६ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं आणि निनाद सात सेकंदांहून जास्त! दोनशे माणसं बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं मिळून आणखी ९० चौरस मीटरची भर पडते आणि निनाद १.७ सेकंदांवर येतो. बोलणं नीट कळायला तो एका सेकंदाच्या आत हवा.

पण नुसत्या निनादाने एवढा गोंगाट होत नाही. मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवलं की कानावर गोंगाट पडला की माणूस नकळत आवाज चढवतो. बहिरेपणाचं सोंग ओळखायलाही ही युक्ती वापरली गेली, कारण इच्छा असूनही ते सहज रोखता येत नाही. ढोबळमानाने गोंगाट १ डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं एकक) वाढला की आपला आवाज अर्धा डेसिबल चढतो. आता शंभराची दोनशे माणसं झाली आणि शोषण तेवढंच धरलं, तर ऊर्जा दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल वाढ. त्यामुळे प्रत्येक जण दीड डेसिबल चढतो. म्हणजे गोंगाट आणखी दीडने वाढला, म्हणून सगळे पुन्हा पाऊण डेसिबल चढतात. ३ अधिक १.५ अधिक ०.७५... ही भूमितीय श्रेढी आहे, बेरीज ६. खोलीने दिलेली वाढ माणसं दुप्पट करतात. घटही तशीच दुप्पट होते. याच हॉलच्या छताला ७० टक्के शोषणारे खनिज लोकरीचे पॅनल लावले तर शोषण ११६ वरून ३१७ चौरस मीटर होईल, निनाद ०.६ सेकंद. त्यातून थेट ४ डेसिबलहून जास्त घट, आणि लोंबारने दाखवलेला परिणाम धरून एकूण ८ डेसिबलहून जास्त. वाढप्याला ओरडावं लागणार नाही.

मावशीला त्रास जास्त का झाला? 'ताक' आणि 'पाक' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. व्यंजनं क्षणिक, क्षीण आणि बरीचशी उच्च वारंवारतेची. वयोमानाने ऐकणं पहिल्यांदा तिथेच घटतं. त्यात मागच्या स्वराची घुमणारी शेपटी त्यांच्यावर येऊन पडते. यंत्र बोलण्याबरोबर त्या शेपटीलाही मोठं करतं.

घरचं जेवणघरही आता असंच झालंय. जुन्या ठाण्यातल्या घरांत कौलांच्या फटीतून आणि उघड्या दारांतून आवाज बाहेर जायचा; सबाइनची उघडी खिडकीच ती. आता रहदारीमुळे खिडक्या बंद, खाली टाइल्स, टेबलावर ग्रॅनाइट. वर वास्तुवाले सांगतात, टेबलासमोर आरसा लावा, अन्नधान्य दुप्पट होतं. याला कसलाही आधार नाही. भिंतीवरची काच बोलण्याचा जवळजवळ सगळा आवाज टेबलाकडे परत फेकते, एवढं मात्र मोजता येतं. त्या जागी जाड, चुण्यांचा पडदा लावा, टेबलावर कापड घाला.

येत्या साखरपुड्यासाठी मी तीन हॉल बघितले. प्रत्येक ठिकाणी रिकाम्या हॉलच्या मध्यभागी उभा राहून टाळी वाजवली. दोन हॉलमध्ये ती बराच वेळ घुमली. तिसऱ्यात छताला सच्छिद्र पॅनल होते, तिथे लगेच विरली. तोच घेतला. मावशीची खुर्ची कोपऱ्यात, गर्दीकडे पाठ करून ठेवणार आहोत, कारण तिचं यंत्र पुढचा आवाज जास्त घेतं. समोर मी बसणार, हातभर अंतरावर. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो.