हँगिंगच्या (प्रदर्शनातली चित्रं आणि इतर कामं भिंतीवर लावायच्या) दिवशी आम्ही एकाचंच ऐकतो, ते का : कलाकारांनी चालवलेल्या जागांसाठी माहिती

हे पत्रक ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते लगेच कळेल. म्हणजे जिथे गॅलरीचा मालक नाही, पगारी क्युरेटर (प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं ते ठरवणारा) नाही, चार-सहा आर्टिस्ट मिळून भाडं भरतात, भिंती स्वतःच रंगवतात आणि शो लावायला, उतरवायला आम्हाला बोलावतात. व्यावसायिक गॅलऱ्यांना आम्ही जे पत्रक देतो ते एका पानात संपतं. तुमचं लांबलं कारण तुमच्याकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होते आणि तिच्यापायी अर्धा दिवस जातो.

होतं असं की आमची माणसं सकाळी शिडी, लेव्हल, ड्रिल घेऊन येतात आणि विचारतात, पहिलं काम कुठे लावू? एक जण म्हणतो डावी भिंत. दुसरी म्हणते अरे ती व्हिडिओसाठी ठेवायचं ठरलं होतं ना. ज्याचं काम आहे तो अजून रस्त्यात, आणि ग्रुपवर त्याचा मेसेज येऊन पडतो की माझं खिडकीसमोर नको. मग सगळे जमिनीवर बसतात आणि चर्चा सुरू होते. चर्चा चांगली असते, खरं सांगायचं तर आम्हालाही ऐकायला आवडते, पण शिडी नुसती उभी असते आणि वेळ तुमचाच मोजला जात असतो. त्यातून चार जणांनी चार भिंती वाटून घेतल्या तर दुपारपर्यंत एक ना धड भाराभर चिंध्या.

तर आमची अट एवढीच, की हँगिंगच्या दिवशी शेवटचा शब्द कोणाचा ते एकच नाव आम्हाला आधी कळवा. तो तुमच्या ग्रुपचा म्होरक्या असायची गरज नाही. प्रत्येक शोला वेगळं माणूस ठेवा, चिठ्ठ्या टाकून ठरवा, ज्यांचं त्या शोमध्ये काम नाही अशांपैकी कोणी असेल तर सगळ्यात बरं, कारण स्वतःचं काम चांगल्या भिंतीवर जावं असं कोणाला वाटत नाही? पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाव एकच.

यावर हमखास येणारं उत्तर आम्हाला पाठ आहे. आमच्यात कोणी बॉस नाही, आम्ही सगळं मिळून ठरवतो, तुम्ही आमच्यावर हायरार्की लादताय. नाही लादत. मिळूनच ठरवा, पण आदल्या संध्याकाळपर्यंत ठरवा. आमचा माणूस ड्रिल भिंतीला लावून उभा असतो ना, ती मीटिंगची वेळ नाही.

न्यूयॉर्कच्या ११२ ग्रीन स्ट्रीटचं उदाहरण आम्हाला बऱ्याचदा दिलं जातं. जेफ्री ल्यू आणि त्यांच्या आर्टिस्ट मित्रांनी १९७० साली उघडलेली ही जागा, तिथे कोणी कोणाला विचारत नसे, गॉर्डन मॅटा-क्लार्क यांनी १९७१ मध्ये तळघरात खड्डा खणून चेरीचं झाड लावलं, मग आम्हालाच कशाला प्लॅन हवा असं म्हणतात. अहो पण तिथे खणणारा आणि ठरवणारा माणूस एकच होता! खड्डा कुठे घ्यायचा हे त्याला दुसऱ्या कोणाला समजावून सांगायचं नव्हतं. तुम्ही तुमचं काम स्वतःच्या हाताने लावत असाल तर आमची काहीच अट नाही, शिडी हवी तर भाड्याने घेऊन जा. पण लावणारे हात बाहेरचे आले की डोकं एक लागतं. (आणि हो, जमीन खणायची असेल तर आधी जागामालकाचं लेखी पत्र. विचारणारे भेटलेत म्हणून लिहितोय.)

आदल्या दिवशी काय करायचं

कामं उघडा आणि जिथे जायचीत त्या भिंतीला टेकवून ठेवा, खाली फोम किंवा निदान जाड पुठ्ठा घालून. कॉम्प्युटरवरचा लेआउट छान दिसतो पण दरवाज्यातून आत आल्यावर आधी काय दिसतं, कोणतं काम शेजारच्याला गिळून टाकतं हे खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. हलवा, भांडा, पुन्हा हलवा. जमलं की प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोवर कामांचे नंबर टाका आणि तो आम्हाला पाठवा. या फोटोनंतर दोन कामांची अदलाबदल करायची असेल तर ड्रिल चालू व्हायच्या आधी केव्हाही सांगा, त्याचे आम्ही काही घेत नाही. भोक पाडल्यावर बदललंत तर मात्र जादा पैसे लागतात. त्यावर लोक रागावतात म्हणून हिशोब सांगतो : प्लग उपटायचा, पुट्टी भरायची, ती वाळू द्यायची, घासायची, मग रंग, आणि जुन्या रंगावर नवा टच-अप दुरूनही वेगळा दिसतो म्हणून कधीकधी अख्खी भिंतच मारावी लागते. पाच मिनिटांचं भोक आणि अर्ध्या दिवसाची दुरुस्ती.

कामांच्या यादीत फ्रेमसकट बाहेरचं माप, अंदाजे वजन आणि मागे काय आहे (वायर, डी-रिंग म्हणजे फ्रेमला स्क्रूने बसवलेली इंग्रजी D आकाराची कडी, नुसती पट्टी, काहीच नाही) एवढं लिहा. कॅटलॉगमधलं चित्राचं माप आम्हाला उपयोगाचं नाही.

उंचीबद्दल. तुम्ही काही सांगितलं नाही तर आम्ही प्रत्येक कामाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर घेतो. वरच्या किंवा खालच्या कडा एका रेषेत का नाही घेत असं विचारतात, तर वेगवेगळ्या आकाराची कामं शेजारी असली की मध्य जुळवल्यावर डोळा शांत राहतो, कडा जुळवल्या की मोठी कामं एकतर लोंबकळतात नाहीतर छताला जातात. हूक कुठे येणार हे तुम्हालाही काढता येईल, १४५ मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि वायर ताणून धरल्यावर ती वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं वजा करा. फ्रेम ८० उंच आणि वायर ७ खाली असेल तर १४५ अधिक ४० वजा ७, म्हणजे १७८. लहान मुलांसाठी, व्हीलचेअरवरून बघणाऱ्यांसाठी तुम्हाला खाली हवं असेल तर अगदी जरूर, फक्त सगळ्या भिंतींना एकच आकडा द्या. जड काम आम्ही एका वायरवर टांगत नाही, दोन डी-रिंग आणि दोन हूक, कारण मग काम तिरकंही होत नाही. यावर घासाघीस नको.

भिंत कशाची आहे

तुमच्या जागा मुळात कलेसाठी बांधलेल्या नसतातच, आणि त्यातच त्यांची मजा आहे. लंडनमध्ये पाच आर्टिस्टनी १९८८ ते १९९८ चालवलेलं सिटी रेसिंग हे आधी घोड्यांच्या शर्यतीवर पैजा घ्यायचं दुकान होतं. बंगळुरूचं वन शांतिरोड हे सुरेश जयराम यांचं राहतं घर. खोज या आर्टिस्टच्या संस्थेची तर पहिली वर्कशॉप १९९७ मध्ये मोदीनगरला झाली तेव्हा इमारतच नव्हती, ती पुढे दिल्लीत खिडकी गावात आली. अशा जागेत भिंतीच्या आत काय आहे ते वरच्या पांढऱ्या रंगावरून कळत नाही. वीट असली तर प्लग-स्क्रू छान बसतात. काँक्रीट असलं तर हॅमर ड्रिल लागतो आणि वेळ जास्त. जिप्सम बोर्ड असलं तर नुसत्या स्क्रूवर भरवसा नाही, मागचा मेटल चॅनेल शोधावा लागतो किंवा पोकळ भिंतीचे अँकर घालावे लागतात, आणि खरं म्हणजे बोर्डामागे प्लायवूड टाकून घेतलंत तर पुढची कित्येक वर्षं कुठेही ठोकता येईल. हे काम आम्ही करून देतो, दोन शोंच्या मधल्या रिकाम्या दिवसांत.

आता यातला खरा घोळ सांगतो. तुमच्याकडे माणसं बदलतात. ग्लासगोच्या ट्रान्समिशन गॅलरीने (१९८३ मध्ये आर्टिस्टनीच सुरू केलेली) हे नियमातच बसवलं, कमिटीवर जास्तीत जास्त दोन वर्षं आणि मग दुसरे. फार चांगली पद्धत, जागा कोणा एकाची जहागीर होत नाही. पण जुन्या माणसांबरोबर भिंतीची माहितीही जाते, वायरिंग कुठून गेलंय, कोणत्या कोपऱ्यात ओल येते, मेन स्विच कुठला. मग नवीन लोक आम्हालाच विचारतात. म्हणून आम्ही प्रत्येक जागेची एक वॉल फाइल ठेवतो, भिंतींची मापं, आतलं मटेरियल, वायरिंगचा मार्ग, रंगाचा शेड नंबर, प्रत्येक शोनंतरचे फोटो. पहिली पाहणी केली की ती तयार होते आणि तिची कॉपी तुमच्याकडे राहते, उद्या तुम्ही दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलंत तरी ती तुमचीच. बहुतेक लोक परत येतात ते या फाइलमुळे असं आम्हाला वाटतं.

रंग ओपनिंगच्या आदल्या रात्री मारू नका हेही सांगून थकलो. इमल्शन हाताला तासा-दोन तासात कोरडं लागतं पण नीट घट्ट व्हायला आठवडे जातात, ताज्या रंगावर फ्रेमचे रबर बंपर चिकटतात आणि उतरवताना रंगाचे पापुद्रे घेऊन येतात. निदान दोन-तीन दिवस मधे ठेवा.

व्हिडिओ असेल तर प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (इमेजच्या रुंदीच्या किती पट लांब तो ठेवावा लागतो तो आकडा) बघून ठेवा. १.५ असेल आणि इमेज २ मीटर रुंद हवी असेल तर प्रोजेक्टर ३ मीटर लांब लागणार, तेवढी खोली आहे का ते आधी मोजा. कागदावरच्या आणि कापडाच्या कामांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवायचा असतो, ऑइलला २०० पर्यंत चालतं. लक्स मीटर आमच्याकडे असतो, मागा.

मित्रमंडळींबद्दल दोन शब्द, कारण तुमची जागा चालते ती त्यांच्यावरच. मदतीला आलेले दहा जण आम्हाला अडचण वाटतात असा गैरसमज आहे. अजिबात नाही. पॅकिंग उघडणं, लेबलं लावणं, टच-अप, झाडलोट, खोकी नंबर घालून ठेवणं यात माणसं कमीच पडतात. फक्त शिडीवर आणि ड्रिलवर आमचीच माणसं, आणि कामांना हात लावायचा तर हातमोजे घालून. आणि सूचना द्यायच्या असतील तर वर लिहिलेल्या त्या एका माणसाच्या कानात द्या, आमच्या नाही. आमची माणसं नम्रपणे हसतील आणि ऐकणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नका, तसं त्यांना सांगितलेलं आहे.

कोणी म्हणतं, एवढ्याशा जागेला एवढा बंदोबस्त कशाला, मोठ्या म्युझियममधे ठीक आहे. आमचा अनुभव उलटा आहे. म्युझियमकडे हातात दोन आठवडे असतात, तुमच्याकडे आधीचा शो उतरल्यापासून पुढच्या ओपनिंगपर्यंत जेमतेम तीन दिवस, तेही सगळ्यांच्या नोकऱ्या सांभाळून. चूक परवडत नाही ती तुम्हालाच.

बुकिंग करताना तारीख, एक नाव आणि फोन नंबर पाठवा. कामांची यादी चार दिवस आधी, भिंतींचे फोटो आदल्या संध्याकाळी. फोटो आले नाहीत तर आम्ही येऊ, पण सकाळी न येता दुपारी येऊ, म्हणजे तोवर तुमचं ठरलेलं असेल. उतरवायचा दिवस त्याच वेळी बुक करा, लोक तो विसरतात आणि मग शेवटच्या दिवशी रात्री फोन येतो. खोकी आणि बबल रॅप फेकू नका, कामं परत त्यातच जायची असतात. ठेवायला जागा नसेल तर महिनाभर आमच्या गोदामात राहतील.